गावाकडून जुन्या गाड्यांचं म्युझियम पाहायला जाताय? मंग हे वाचूनच निघा

मागच्या जानेवारीत आमी तिघं अहमदाबादले जाऊन आलो. मी, आमचे मोठेबाबा (वय ७७, सगळी हयात सुतारकीत गेली, यवतमाळकडच्या दारव्हा तालुक्यात कितीतरी बंड्या, म्हणजे बैलगाड्या, त्यांच्या हातच्या आहेत) आन आठवीतला भाचा. जायच्या आधी मी नेटवर जे शोधलं ते सगळं पुण्या-मुंबईवाल्यांनी लिहिलेलं, विमानानं या, कॅब करा, झालं. आपल्यासारख्यानं कसं जायचं, काय न्यायचं, आत गेल्यावर नुसतं 'वा वा' करून बाहेर यायचं नसेल तर पाहायचं काय, हे कोणी सांगतच नाही. म्हणून लिहून काढतोय. थोडं लांबेल.

१. आधी ठरवा, कुठलं म्युझियम

आमी गेलो ते 'ऑटो वर्ल्ड', अहमदाबादच्या पूर्वेला कठवाड्याले, रिंग रोडवर, दास्तान इस्टेटमधी. दिवंगत प्राणलाल भोगीलाल यांनी आयुष्यभर जमवलेल्या गाड्या. रोल्स-रॉईस, बेंटली, डेमलर, लागोंडा, मेबॅक, पॅकार्ड, कॅडिलॅक, अशी नावं जी आपण फक्त ऐकून असतो, आन सोबत घोड्याच्या बग्ग्यापण. आपल्याकडून थेट रेल्वे आहे म्हणून हे सोयीचं.

लेकरं लहान असतील तर हैदराबादचं सुधा कार्स बरं, तिथे बुटाच्या आन बॅटच्या आकाराच्या चालत्या गाड्या आहेत, पण कारागिरी पाहायची तर ते नव्हे. उदयपूरले मेवाडच्या राजघराण्याच्या गाड्या त्यांच्याच जुन्या मोटर गॅरेजात ठेवल्या आहेत, राजस्थान फिरायचं असेल तर तिथे जा. कोइम्बतूरले जी. डी. म्युझियम आहे आन हरियाणात तावडूले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम, पण तिथे खास तेवढ्यासाठी जाणं आपल्या खिशाले परवडत नाही.

२. कधी जायचं

सोयाबीन निघाल्यावर आन होळीच्या आत. मे महिन्यात जाऊ नका, अहमदाबादचं ऊन आपल्या अकोल्याच्या उन्हाले मान खाली घालायले लावते. दिवाळीच्या सुट्या टाळा, आन जमलं तर मधल्या वारी जा. निघायच्या आधी फोन करून वेळ, तिकीट आन त्या दिवशी चालू आहे ना, तिन्ही विचारा. नेटवर जुने दर पडलेले असतात.

३. रेल्वेचं तिकीट, इथेच लोक फसतात

हावडा-अहमदाबाद एक्सप्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला अशी येते. आमी दारव्ह्याहून यष्टीनं बडनेरा गाठलं. (आमच्या दारव्ह्याले स्वतःची रेल्वे होती, शकुंतला, ती बंद पडून आता रुळावर बाभळी आल्या, तो विषय वेगळा.)

- रिझर्वेशन ६० दिवस आधी सुरू होते. आधी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून कमी केलं. गावातला कोणी 'चार महिने आधी काढा' म्हणाला तर त्याचं ज्ञान जुनं आहे.
- ऑनलाईन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरपण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होते. ते घेऊन स्लीपरमधी चढू नका. मी एकदा चढलो होतो. टीसीनं दंड घेतला तो घेतलाच, वरून डब्यातल्या सगळ्यांसमोर भाषण ऐकावं लागलं.
- तत्काळ एक दिवस आधी, एसीचं सकाळी १० ले आन स्लीपरचं ११ ले उघडते. ऑनलाईन काढायचं तर जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीच्या खात्याले आधार जोडलेलं लागते. हे आदल्या रात्री करू नका, ओटीपीची वाट पाहत रात्र जाते.
- म्हाताऱ्या माणसांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मोठेबाबा हे मानायलेच तयार नव्हते. यष्टीत ७५ च्या वरच्याले फुकट, ६५ ते ७५ ले अर्धं तिकीट, मंग रेल्वेत पूर्ण काऊन, असा त्यांचा सवाल. खिडकीवरच्या बाईले पण विचारून झाला.

अहमदाबादले स्टेशनं चार-पाच आहेत. आपली गाडी कालुपूरच्या मुख्य स्टेशनले जाते का अलीकडेच संपते, ते तिकिटावर वाचून ठेवा.

४. सोबत काय न्यायचं

- सगळ्यांचं मूळ आधार कार्ड (फोनमधला फोटो धरत नाहीत, असं आमच्या डब्यात झालं)
- तिकिटाची झेरॉक्स, कारण फोन बंद पडतो
- जवळचं दिसायचा चष्मा, हा घरी राहिला तर अर्धं म्युझियम वाया
- छोटी वही आन पेन
- पॉवर बँक, पाणी, भाकर-ठेचा किंवा दशम्या

काय नेऊ नये तेपण सांगतो. गुजरातेत दारूबंदी आहे, बॅगेत बाटली सापडली तर म्युझियमऐवजी ठाणं पाहाल. आन लोहचुंबक. हसू नका, भाच्यानं खिशात नेलं होतं, गाडीचा पत्रा लोखंडाचा का ॲल्युमिनियमचा ते पाहायले. डोकं चांगलं चालवलं पोरानं, पण शंभर वर्षांच्या रंगाले चुंबक टेकवलं तर ओरखडा पडते. दारातच काढून घेतलं मी.

५. पोचल्यावर

स्टेशनपासून म्युझियम पंधराएक किलोमीटर. ऑटोवाल्याले नुसतं 'कार म्युझियम' सांगू नका, आमच्यानं सरळ एका सेकंडहँड गाड्यांच्या शोरूमपुढे नेऊन उभं केलं. 'कठवाडा, रिंग रोड, दास्तान' असं सांगा आन भाडं आधी ठरवा. परत यायले तिथे ऑटो सहज भेटत नाही, त्यालेच थांबवून घ्या किंवा नंबर घेऊन ठेवा. जेवण शहरातच करा. वरणात गूळ असते, रागावू नका.

६. आत गेल्यावर पाहायचं कसं

इथं सगळ्यात मोठी चूक होते. माणूस पहिल्या चकचकीत गाडीपुढे सेल्फी घेते, मंग दुसरी, मंग तिसरी, आन दहाव्या गाडीनंतर सगळ्या सारख्याच दिसायले लागतात. अर्ध्या तासात बाहेर. मीपण तेच करत होतो. मागं पाहतो त मोठेबाबा पहिल्या लायनीतच, एका जुन्या गाडीजवळ उकिडवे बसलेले, चष्मा नाकावर, चाकाकडे पाहत.

'हे त आपल्या बंडीचंच चाक होय ना बाप्पा,' म्हणे.

लाकडी आऱ्यांचं चाक होतं. तिथून पुढं मी त्यांच्या मागं मागं फिरलो, आन खरं म्युझियम तेव्हा सुरू झालं. म्हणून माझा सल्ला हा की दहाच गाड्या निवडा आन खालून वर पाहा, चाकापासून. नाव, किंमत, कोणत्या राजाची, हे सगळं शेवटी.

चाक. आपल्या बंडीच्या चाकात मधे लाकडी तुंबा असते, त्याले भोकं पाडून आरे ठोकतात, वर पुठ्ठे, म्हणजे गोलाईचे लाकडी तुकडे, आन त्यावर गोवऱ्यांच्या आगीत लाल केलेली लोखंडी धाव चढवून पाणी मारतात, म्हणजे ती आवळून बसते. मोटारीच्या लाकडी चाकात तुंबा नाही. आऱ्यांची टोकं पाचरीसारखी कापून एकमेकाले खेटवलेली, दोन्ही बाजूनं लोखंडी चकत्या, आन आरपार बोल्ट. तोफगाड्याच्या चाकाची पद्धत ही. मोठेबाबाले हे दोन मिनिटात दिसलं, आन त्यांनी लगेच विचारलं की उन्हाळ्यात लाकूड आटलं की हे खिळखिळं होत असंन. होत होतंच. आपण चाकं पाण्यात टाकतो, तेपण लाकूड फुगवायले पाणीच मारत. पुढं तारेच्या आऱ्यांची आन पत्र्याची चाकं आली.

चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) आन बॉडी वेगवेगळी. हे कळल्याबिगर या गाड्या कळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉईस कंपनी पूर्ण गाडी विकतच नव्हती. इंजिन, चेसिस, रेडिएटर एवढंच द्यायची. गिऱ्हाईक ते घेऊन कोचबिल्डरकडे जायचा, म्हणजे गाडीच्या सुताराकडे, आन आपल्या मनासारखी बॉडी बांधून घ्यायचा. जसं आपण आख आन धाव बाजारातून आणून बंडी सुताराकडून बांधून घेतो तसंच. बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मॅबर्ली ही त्यातली नावाजलेली घराणी. बार्कर तर १७१० पासूनचे, आधी राजेलोकांच्या घोडागाड्या बांधायचे. म्हणून बग्ग्या आधी पाहा आन गाड्या नंतर, दरवाजाचा बाक तोच, पायरी तीच, कंदील तेच, फक्त घोडा गेलेला.

दार उघडं असेल तर उंबऱ्याच्या पट्टीवर वाकून पाहा, कोचबिल्डरच्या नावाची छोटी पाटी बहुतेक तिथेच असते. एकाच सालच्या, एकाच कंपनीच्या दोन गाड्या इतक्या वेगळ्या काऊन दिसतात त्याचं उत्तर त्या पाटीवर आहे. तयार स्टीलच्या बॉडीसकट गाडी रोल्स-रॉईसवाल्यांनी १९४६ ले पहिल्यांदा काढली, बेंटली मार्क सहा. त्याच्या अलीकडच्या आन पलीकडच्या गाड्या शेजारी शेजारी ठेवून पाहा, फरक सांगावा लागत नाही.

पत्र्याच्या आत लाकूड. बाहेरून धातू दिसते, पण आतला सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा. हलकं, चिवट, वाकते पण मोडत नाही. त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी पत्रा, पत्रा घडवायच्या हातयंत्राच्या दोन चाकांच्या मधून पुढंमागं ओढून ओढून गोलाई आणलेला. साचा नाही, दाबयंत्र नाही, हाताचा अंदाज. मडगार्डच्या कडेने डोळा लावून पाहा, नांगराचा दांडा सरळ आहे का पाहतो ना, एक डोळा मिटून, तसं. उजेडाची रेघ मडगार्डावरून न तुटता वाहत गेली पाहिजे. जिथं ती लचकते तिथं नंतर ठोकठाक झालेली. मोठेबाबानं अशा दोन गाड्या पकडल्या आन मले हळूच म्हणे, 'ही रंगवलेली नवरी होय.'

दरवाजाची फटपण पाहा, वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. सुताराची परीक्षा चौकटीतच होते.

रेडिएटर आन परी. रोल्स-रॉईसचा तो देवळासारखा रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवायची पुढची जाळी, सपाट वाटते, पण सपाट नाही. किंचित फुगीर आहे, कारण एकदम सपाट केला तर दुरून खोलगट दिसला असता. जुन्या ग्रीक देवळांच्या खांबांची हीच युक्ती. बाजूनं उभं राहून कडेवर नजर टाकली तरच फुगवटा कळते.

रेडिएटरच्या टोकावरची परी, म्हणजे कंपनीची खुणेची मूर्ती, चार्ल्स साईक्स या शिल्पकारानं घडवली, १९११ ची. मेणाचा साचा करून, मेण वितळवून, त्या जागी धातू ओतायचा. बस्तरचे ढोकरा कारागीर देव घडवतात तीच रीत. दोन सालच्या गाड्यांवरच्या पऱ्या नीट पाहा, काही उभ्या आहेत, काही गुडघ्यावर बसलेल्या. पुढच्या काळात गाड्या बुटक्या झाल्या म्हणून ती बसली.

दिवे. लय जुन्या गाड्यांच्या दिव्यांजवळ पितळेची डबी दिसली तर ती कार्बाईडची. डबीत कार्बाईड, त्यावर पाणी थेंबाथेंबानं, त्याचा गॅस नळीनं दिव्यात. आपल्या जत्रेतल्या दुकानांत हेच दिवे जळत, वास अजून नाकात आहे. तेच कार्बाईड आंबे पिकवायले लोक वापरत, त्याच्यावर आता बंदी आहे. भाच्यानं हे सगळं वहीत लिहून घेतलं, शाळेत सांगायले.

आतमधी. लाकडाच्या पट्ट्यांवरची नक्षी पाहा. अक्रोडाच्या गाठीचा पातळ पापुद्रा काढून, पुस्तक उघडल्यासारखा दोन बाजूले लावलेला असते, म्हणून डावीकडची नक्षी आरशात पाहावी तशी उजवीकडे दिसते. गिअरचा दांडा लढाईआधीच्या बऱ्याच रोल्सले ड्रायव्हरच्या उजव्या हाताले, दाराजवळ आहे, मधे नाही. स्टीअरिंगच्या मधोमध छोटे दांडे असतात, ठिणगी लवकर का उशिरा पाडायची आन पेट्रोल-हवेचं मिश्रण किती घट्ट ठेवायचं ते ड्रायव्हर हातानं करायचा. पुढं काच आन मागं मालक, अशी रचना दिसली तर समजा मालक कधी स्टीअरिंगले शिवलेलाच नाही. दोन दारांच्या मधल्या खांबात एक उभी फट दिसते, तिच्यातून वळताना दिवा लागलेला हातासारखा बाण बाहेर यायचा. आजचा इंडिकेटर.

पुढं हँडल मारायची जागा आहे का तेपण पाहा. १९१२ ले कॅडिलॅकनं बटणावरचं स्टार्टर आणलं, त्याआधी सगळा कारभार मनगटाचा. हँडल उलटं आलं तर हात मोडायचा, जुनं डिझेल इंजिन चालू केलेल्याले हे समजावून सांगायची गरज नाही.

दमल्यावर जरा बाकड्यावर बसलो तिथं मी त्यांना मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझच्या बायकोची, बर्था बेंझ बाईची गोष्ट सांगितली. १८८८ चा ऑगस्ट, नवऱ्याले न सांगता दोन पोरांले घेऊन बाई मोटार काढून शंभरावर किलोमीटर माहेरी निघाली. पेट्रोल संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेनं साफ केली, साखळी लोहारानं दुरुस्त केली, ब्रेक घासले तर मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. मोठेबाबा म्हणे, 'म्हणजे मोटार चालली ती बलुतेदाराच्या भरवशावर.' रोल्स-रॉईसमधला रॉईसपण गरिबाघरचा. लहानपणी पेपर विकले, तारा वाटल्या, रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी धरली ती पैशापायी अर्धवट सुटली. हे ऐकल्यावर मोठेबाबा उठून परत त्याच रेडिएटरपुढे जाऊन उभे राहिले.

७. हात लावायचा नाही, म्हणजे नाहीच

कारागीर माणसाले हे लय जड जाते. मोठेबाबाचा हात तीनदा मडगार्डाकडे गेला. तिसऱ्या वेळी तिथला माणूस म्हणाला, 'काका, अडशो नहीं.' मोठेबाबा मले विचारते, 'मी कुठं अडलो?' गुजरातीत अडणं म्हणजे शिवणं, तेव्हा कळलं. त्यानं मात्र ते ऐकून, हे सुतार आहेत समजल्यावर, एका गाडीचं दार स्वतः उघडून आतला लाकडाचा सांधा दाखवला. तर अशा माणसांशी बोला, भाव खाऊ नका, आपण काय काम करतो ते सांगा.

फोटोचे पैसे वेगळे आहेत का ते तिकीट काढतानाच विचारा. फ्लॅश बंद ठेवा, चकचकीत रंगात तसंही आपलंच थोबाड येते. पूर्ण गाडीचे फोटो नेटवर पैशाले पासरी आहेत, तुमी बिजागऱ्या, कड्या, पायऱ्या, शिलाईचे टाके यांचे काढा. जुन्या गाडीत बसवून फेरी मारून आणायची सोय असेल तर ती आधी नाही, सगळं पाहून झाल्यावर घ्या.

८. आन घरी वाड्यात जुनी जीप पडून असेल तर

पाहून आलं की हा किडा प्रत्येकाले चावते, म्हणून सांगून ठेवतो. ५० वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकीले आता 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, जुलै २०२१ चा नियम आहे. नवीन नोंदणीले २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, आन पुन्हा नोंदणीले ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. कागद लागतात ते असे: फॉर्म २०, इन्शुरन्स, जुनं आरसी बुक, आन बाहेर देशातून आणलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर. अशी गाडी रोजच्या वापराले किंवा भाड्यानं चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यालेच रस्त्यावर काढायची.

आन खरी मेख ही की गाडी मूळ रूपातच पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. आमच्या गावात एका वाड्यात विलीस जीप आहे, कोंबड्या बसतात तिच्यात. परत आल्यावर मी आन भाचा लय जोशात गेलो, बॉनेट उघडलं, तर आत डिझेल इंजिन, पेट्रोल परवडेना म्हणून तीस वर्षांमागं बसवलेलं. मूळ इंजिन कुठाय विचारलं तर घरधनी आठवत बसला, मंग म्हणे भंगारवाल्याले दिलं, त्याचे पितळी घागरीचे पैसे आले होते. मोठेबाबा तोवर जीपच्या मागच्या लाकडी फळ्या बोटानं वाजवून पाहत होते. 'फळ्या मी बसवल्या होत्या,' म्हणे, 'सागाच्या. अजून घट्ट हायेत.'